गावाचा टीव्ही: पीजहून सारंगखेड्याकडे

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की तापीकाठच्या सारंगखेड्यात कॅमेरे यायला लागतात. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यासोबत भरणारा घोडेबाजार हे दृश्यच तसं आहे. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, हलगीच्या ठेक्यावर पाय उचलणारे घोडे. वाहिन्यांचे प्रतिनिधी येतात, सगळ्यांत महाग घोड्याची किंमत विचारतात, तो दिवसाला किती दूध पितो ते मालकाकडून वदवून घेतात आणि परत जातात. चेतक महोत्सव सुरू झाल्यापासून हे वाढलंच आहे. मग यात्रा उठते, आणि गाव पुढच्या मार्गशीर्षापर्यंत पडद्यावरून गायब होतं. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, बॅरेजमधून पाणी सोडलं, तर नदीकाठच्या घराला ते कळतं दवंडीवरून, व्हॉट्सॲपवरून किंवा पाणी दारात आल्यावर. घरोघरी टीव्ही असतो. त्यावर गाव नसतं.

गावाचा स्वतःचा टीव्ही असू शकतो का? ज्यावर शाळेची पोरं कार्यक्रम करतील, ग्रामसभा दिसेल, कुणी शेतकरी उठून बोलेल. हा प्रश्न भाबडा वाटतो. पण त्याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मिळालेलं आहे, तेही सारंगखेड्यापासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या पीज नावाच्या गावात.

१९६९ साली भारत सरकार आणि अमेरिकेची अंतराळ संस्था यांच्यात करार झाला. विक्रम साराभाईंची कल्पना अशी होती की दूरचित्रवाणी शहरातून खेड्याकडे झिरपत येण्याची वाट पाहायची नाही, ती थेट खेड्यापासून सुरू करायची. साराभाई १९७१ मध्ये गेले. प्रयोग मात्र झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर एका अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत कार्यक्रम उतरले. त्याला ‘साइट’ म्हणत. त्याचे व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. गावातला संच सार्वजनिक जागी, आणि बाहेर तीन मीटर व्यासाची वाटोळी अँटेना, जिला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी ताणलेली. सकाळी दीड तास शाळेसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपल्याकडे या प्रकरणाची आठवण कमी.

साइट वर्षभरात संपलं, पण त्याच सुमारास सुरू झालेलं पीजचं केंद्र चालू राहिलं. तिथे कमी शक्तीचा एक मनोरा होता, पल्ला साधारण ३५ किलोमीटर. भोवतालच्या सुमारे ४०० गावांत सहाशेच्या वर सामुदायिक संच बसवलेले. खेडा म्हणजे तेव्हा अमूलचा जिल्हा; गावोगाव दूध सोसायटी, संध्याकाळी दूध घालायला येणारी माणसं. संच ठेवायला जागा आणि बघायला माणसं, दोन्ही आयती होती. एखादं यंत्र गावात टिकायचं असेल तर ते ज्या ओट्यावर लोक आधीपासून जमतात तिथेच ठेवावं लागतं. पीजवाल्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांच्या कामाची पद्धत आज वाचतानाही नवी वाटते. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात निर्मात्यांच्या बरोबरीने समाजशास्त्राची माणसं नेमलेली होती. कार्यक्रम करण्याआधी ती गावात जात. पटेलांच्या गल्लीत काय बोलतात आणि गावाबाहेरच्या वस्तीत काय बोलतात, हे वेगवेगळं टिपून आणत. त्यावरून संहिता, मग चित्रण, आणि प्रक्षेपण झाल्यावर परत गावात जाऊन लोकांना काय कळलं, काय टोचलं याची चौकशी. खांद्यावर अडकवून नेता येतील असे हलके व्हिडिओ संच घेऊन निर्माते शेतमजुरांपर्यंत पोचले. ‘चतुर मोटा’ ही त्यांची मालिका हुंडा, विधवाविवाह असे विषय नाटकातून मांडायची. भाषा पुस्तकी गुजराती नव्हे, चरोतरी बोली. म्हणजे उद्या सारंगखेड्याच्या चॅनलवर पात्रं अहिराणीत, गुजरीत, भिलीत बोलावीत आणि कुणालाही त्याची लाज वाटू नये, तसं. मजुरीच्या दराबद्दल, जातीच्या वागणुकीबद्दल कार्यक्रम झाले तेव्हा गावातल्या वजनदार मंडळींना ते झोंबले. संच ज्या ओट्यावर होता तो ओटा बऱ्याचदा त्यांच्याच ताब्यात होता. पण बोंब झाली म्हणून काम थांबलं नाही, कारण निर्मिती करणारी संस्था गावच्या पुढाऱ्याच्या खिशात नव्हती.

१९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि १९८५ मध्ये पीजचं प्रक्षेपण बंद झालं. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आपली व्यवस्था कशी चालते ते समजतं. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांनंतर देशभर रंगीत चित्र आणि राष्ट्रीय कार्यक्रमाची लाट आली होती. मोठे मनोरे उभे राहत होते, त्यात ३५ किलोमीटरचा पीजचा दिवा कुणाला हिशेबात धरायचा नव्हता. गावकऱ्यांनी विरोध केला. टीव्ही बंद करू नका म्हणून खेड्यातली माणसं भांडली, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरी गोष्ट आली. १९८४ मध्ये पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली, म्हणजे आपली बालचित्रवाणी. आज चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसासमोर हे नाव घ्या, तो शीर्षकगीत गुणगुणायला लागेल. संस्थेने हजारो कार्यक्रम केले, त्यातले कित्येक खरोखर चांगले होते. पण पीज आणि पुणे यांत मूळचा फरक होता. बालचित्रवाणी पुण्याहून बोलायची आणि महाराष्ट्र ऐकायचा. शहाद्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना उलट काही पाठवायची सोय त्या रचनेत नव्हती. धडगावच्या डोंगरात घरी पावरी बोलणाऱ्या मुलाला पुण्याच्या प्रमाण मराठीतला कार्यक्रम किती कळतो, हे परत जाऊन विचारणारं पीजसारखं पथकही तिच्यापाशी नव्हतं. पुढे केंद्राने हात काढून घेतला, राज्याने पुढे केला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. तिच्या बचावासाठी कुठलं गाव रस्त्यावर आलं नाही. येणार कसं? ती कुठल्याच गावाची नव्हती.

जेमतेम तीन वर्षांनी करोनाने शाळा बंद केल्या, आणि दूरचित्रवाणीवरून शिकवायचं कसं यासाठी राज्यभर धावाधाव झाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती केली आणि चांगली केली. जव्हार-मोखाड्याकडे तर लाऊडस्पीकरवरून वर्ग भरले. सातपुड्यात मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, तिथे ऑनलाइन शाळा हा शब्दच थट्टेचा होता. तीन वर्षांपूर्वी मोडीत काढलेलं यंत्र त्या दिवसांत हाताशी असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब कुणी मागितला नाही.

या सगळ्याची तिसरी परंपराही आहे, आणि ती खानदेशाच्या अगदी उंबऱ्याशी आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी दोस्तमंडळी जमवून ‘मालेगाव के शोले’ केला आणि गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे त्यातूनच खानदेशी विनोदी चित्रफितींचा उद्योग उभा राहिला, आणि आज यूट्यूबवर त्या कोट्यवधी लोक पाहतात. म्हणजे आपल्या लोकांना कॅमेरा चालवता येत नाही, बोलता येत नाही ही सबब टिकत नाही. फक्त या पडद्यावर ग्रामसभा चालत नाही. जे हसवतं तेच तिथे तरतं. पीकविम्याची मुदत सांगणारा तलाठी तिथे कुणी पाहणार नाही. यूट्यूबच्या कंपनीलाही त्याचं काही पडलेलं नाही.

अमेरिकेने यावर एक साधी तोड काढली होती. केबलवाला रस्ता खणून तार टाकतो, खांब वापरतो, म्हणजे गावाची जागा वापरतो. मग त्याने गावाला काहीतरी द्यावं. १९७२ मध्ये तिथल्या केंद्रीय दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांतल्या केबलवाल्यांना तीन चॅनल राखून ठेवायला सांगितलं: एक लोकांसाठी, एक शाळा-कॉलेजांसाठी, एक नगरपालिकेसाठी. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती उडवली. १९८४ च्या कायद्याने ते अधिकार शहरांच्या हाती दिले: केबलवाल्याशी करार करतानाच चॅनल मागा, आणि त्याच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घ्या. त्या पैशातून शहरोशहरी छोटे स्टुडिओ उभे राहिले. तिथे नागरिकाला कॅमेरा शिकवतात आणि नंबर लावून वेळ देतात. तीन धन्यांचा हा संसार मोडू नये म्हणून एक समन्वयक असतो. महापौरांना भाषण लांबवायचं असतं, शाळेला त्याच वेळी बास्केटबॉलचा सामना दाखवायचा असतो, आणि एखादा नागरिक महापौरांवर टीका करणारा कार्यक्रम घेऊन दारात उभा असतो. या तिघांना वेळापत्रकात बसवणं हेच त्याचं काम, बाकी सगळं तांत्रिक.

आपल्याकडे पाया तसा पक्का आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं ते निकालपत्र. त्यातून पुढे सामुदायिक रेडिओ आला, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही तो खुला झाला, आणि २००८ मध्ये साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला. बाया तिथे स्वतः माइकवर बोलतात. टीव्हीच्या बाबतीत मात्र तसं धोरण आलंच नाही. केबलवाल्याचं लोकल चॅनल एवढंच आपलं स्थानिक दूरदर्शन: गणेश विसर्जन, कीर्तन, नेत्याचा वाढदिवस, खाली साड्यांच्या सेलची पट्टी.

तरी एक फट आहे, आणि ती फारशा लोकांना माहीत नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने या लोकल चॅनलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दर चॅनलमागे नोंदणी शुल्क १,००० रुपये. केबलवाल्याच्या एकूण क्षमतेच्या पाच टक्के इतकी मर्यादा, आणि त्याखेरीज प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन चॅनल वेगळी, स्थानिक कार्यक्रमांकरिता. स्थानिक बातम्या द्यायच्या तर चालवणारी कंपनी म्हणून नोंदलेली हवी. नव्वद दिवसांचं चित्रमुद्रण जपून ठेवायचं. कार्यक्रम दुसऱ्या केबलवाल्याला वाटायचे नाहीत, पण देवस्थानांच्या थेट प्रक्षेपणाला त्यातून सूट. एकमुखी दत्ताची आरती जिल्हाभर दाखवायला कुठलाच अडथळा नाही, हे वाचून सारंगखेडकरांना बरं वाटेल.

नंदुरबार जिल्ह्यासाठी दोन चॅनलांची जागा कागदावर आहे. २०११ च्या जनगणनेत हा जिल्हा साक्षरतेत राज्यात सगळ्यांत मागे होता, सुमारे ६४ टक्के. लोकसंख्येत आदिवासी ६९ टक्क्यांच्या आसपास. छापील पत्रकापेक्षा बोललेला शब्द इथे लांब जातो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. दिल्लीला नवं काही दाखवायचं असलं की नंदुरबार आठवतं. नंदुरबारला दिल्लीला काही दाखवायचं असेल तर त्याची सोय नाही.

सारंगखेड्यात तिन्ही धनी हजर आहेत. ग्रामपंचायत आहे, तिला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. शाळा आहेत, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेत किमान तीन चतुर्थांश पालक असलेली व्यवस्थापन समिती बसवली आहे. समाज आहे: दत्ताचे भाविक, घोड्यांचे व्यापारी, मासेमारी करणारे, केळी-पपई-कापूस पिकवणारे. यात्रेत हे सगळे एकमेकांशी जुळवून घेतातच. पार्किंग, पाणी, पाल कुणाचं कुठे, हरवलेलं पोर कुणाकडे. मांडवातल्या त्या एका लाऊडस्पीकरवर हरवल्या-सापडल्याची सूचना, सरपंचांचं आवाहन आणि शाळेच्या लेझीम पथकाची वेळ एकामागून एक येते. माइक धरणारा माणूस कुणाला आधी बोलू द्यायचं ते ठरवतो आणि सगळे त्याचं ऐकतात.

अडचणी सांगायला हव्यात. पंचायतीच्या पैशावर चालणारं चॅनल सरपंचाच्या कौतुकाचं चॅनल व्हायला एक महिना पुरतो, आणि निवडणूक लागली की विरोधक पहिला अर्ज त्याच्याविरुद्ध करतील. शिक्षकांवर आधीच जनगणनेपासून पोषण आहारापर्यंत सगळं लादलेलं, त्यात हे एक नको. केबल सोडून लोक डिशकडे आणि मोबाइलकडे गेलेत, हेही खरं. म्हणून तेच कार्यक्रम यूट्यूबवर टाकावेच लागतील. पण यांपैकी कुठलीही अडचण यंत्राची नाही. कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पीजकडे असलेलं आणि आपल्याकडे नसलेलं फक्त एकच: कार्यक्रमाआधी गावात जाऊन विचारणारा आणि नंतर परत जाऊन ऐकून घेणारा पगारी माणूस, जो सरपंचाचाही नाही, हेडमास्तरांचाही नाही आणि केबलवाल्याचाही नाही.

तेव्हा स्टुडिओ, ड्रोन, उद्घाटनाची कोनशिला यांची घाई नको. सारंगखेडा-शहादा परिसरातल्या ज्या वाचकांना हे पटत असेल त्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडावेत: ग्रामसभा न कापता दाखवली जावी, शाळा व्यवस्थापन समितीला आठवड्याचा एक तास तिच्या मर्जीने मिळावा, आणि या सगळ्याचं वेळापत्रक सांभाळायला एक माणूस मानधनावर नेमावा. तिसरा ठराव पडला तर पहिले दोन मागे घेतलेले बरे.