टोमण्यांनी वजन उतरत नाही

बाळ गुटगुटीत असलं की घरात कौतुक होतं. ‘काय छान बाळसं धरलंय!’ तेच मूल सहावी-सातवीत गेलं की वर्गात त्याचं नाव ‘ढोल्या’ किंवा ‘जाडी’ पडतं. मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली की घरातलीच माणसं तिच्या ताटातल्या दुसऱ्या पोळीवर डोळा ठेवतात, कारण जाहिरातीत ‘सडपातळ’ हा शब्द हवा असतो. पन्नाशीतल्या पुरुषाचं सुटलेलं पोट मात्र ‘खात्यापित्या घरचं’ म्हणून खपून जातं. वैद्यकीयदृष्ट्या या सगळ्यांत काळजी करण्यासारखं बहुधा ते शेवटचं पोटच असतं, पण त्यावर कोणी बोलत नाही.

शरीराच्या आकाराला नावं ठेवणं काही आजचं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा एक अध्याय आहे. निंदित मानल्या गेलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत तिथे अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही येतात. गंमत अशी, की अतिस्थूलतेची कारणं देताना त्याच अध्यायात भरपूर खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं यांच्याबरोबर ‘बीजस्वभाव’, म्हणजे जन्मतःच आलेला वारसाही सांगितला आहे. टोमणे मारणाऱ्यांनी पहिली तीन कारणं लक्षात ठेवली आणि चौथं सोयीस्करपणे सोडून दिलं.

आधुनिक संशोधन या चौथ्या कारणाला बरंच वजन देतं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून, माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकातला साधारण ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचा अंदाज आहे. शिवाय शरीर आपलं वजन राखायला धडपडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ५० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार घेऊन या लोकांनी वजन उतरवलं होतं. वर्ष उलटलं तरी त्यांच्या रक्तातली भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेलीच होती. म्हणजे ‘डाएट’ मोडणाऱ्याच्या जिभेला दोष देताना, त्याला वर्षभर खरोखरच जास्त भूक लागत असते, हे कोणी विचारात घेत नाही.

तरीही ‘थोडं टोचून बोललं तर सुधारेल’ ही समजूत पक्की आहे. ती तपासली गेली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या २,९४४ जणांची चार वर्षांची माहिती पाहिली. वजनावरून आपल्याला कमी लेखलं गेलं असं सांगणाऱ्यांचं वजन त्या काळात सरासरी ०.९५ किलोने वाढलं. तसा अनुभव नसलेल्यांचं ०.७१ किलोने घटलं. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, पण हिणवल्याने वजन कमी होतं याला मात्र त्यात कुठेच आधार नाही. अपमान झाला की माणूस मैदानावर जायचं टाळतो, पोहायला जायचं टाळतो आणि एकटा असताना जास्त खातो. समाज मात्र नरमत नाही. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या, मूळच्या सिकंदराबादच्या महजरीन बानाजी यांनी टेसा चार्ल्सवर्थ यांच्यासोबत अमेरिकेतल्या २००७ ते २०१६ या काळातल्या चाचण्या अभ्यासल्या. लैंगिकता आणि वंश यांबद्दलचे मनातले सुप्त पूर्वग्रह या दशकात ओसरले होते. शरीराच्या वजनाबद्दलचा पूर्वग्रह मात्र वाढलेला दिसला.

दवाखानाही याला अपवाद नाही. गुडघा दुखो, खोकला येवो, ‘आधी वजन कमी करा’ हे ठरलेलं उत्तर मिळतं आणि तपासणी तिथेच थांबते. वजनकाटा अनेकदा सगळ्यांसमोर ठेवलेला असतो. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला अपुरा पडत असेल तर आकडा खोटाच चढा येतो. मोठ्या मापाचा पट्टा मिळतो, पण तो मागवून ठेवलेला असला तर. अशा ठिकाणी पुन्हा पाऊल टाकायला माणूस कचरतो आणि मधुमेह उशिरा सापडतो.

भारतात या नजरेचा आणखी एक तोटा आहे आणि तो उघड झाला पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! याची मुळं जन्मापर्यंत जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची होती. पुण्याची बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती. त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. म्हणूनच जागतिक पातळीवर बीएमआय २५ च्या पुढे जादा वजन धरतात, तर भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. ज्याला चिडवलं जातं त्याच्या रक्तातली साखर नीट असू शकते आणि ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही त्याची बिघडलेली असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्याच एका आयोगाने हीच दिशा धरली: केवळ बीएमआयवर निदान करू नका, कमरेचा घेर मोजा आणि अवयवांच्या कामावर परिणाम झाला आहे का ते पाहा.

सरकारी धोरणाचा सूर मात्र अजून वैयक्तिक संयमाचाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेल दहा टक्के कमी वापरण्याचं आवाहन केलं. सीबीएसईने शाळांत साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितलं. यात वाईट काही नाही. पण फलक वाचणारी मुलं शाळेबाहेर पडली की समोरच्या टपरीवर पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात.

करांची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२५ पासून गोड शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण बाटलीत साखर किती यावर तो ठरत नाही. बिनसाखरेच्या गोड पेयालाही तोच दर. त्याच फेरबदलात बिस्किटं, चॉकलेटं, आइस्क्रीम आणि फरसाण मात्र ५ टक्क्यांवर आलं. ब्रिटनने २०१८ मध्ये शंभर मिलिलिटरमधल्या साखरेवर कराचे टप्पे ठरवले, तेव्हा कर लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी साखर उतरवली. ग्राहकाला कोणी उपदेश केला नाही, त्याच्या पोटाकडे पाहिलं नाही. बदल बाटलीत झाला.

चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि असे पदार्थ शाळेत विकायला बंदी घातली. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात ताऱ्यांची पद्धत सुचवली. त्यात साखर-मिठासाठी गुण कापले जातात, तर तंतू, सुकामेवा, भरड धान्य घातलं की मिळतात. म्हणजे गोड बिस्किटात थोडी नाचणी मिसळली तर एखादा तारा वाढण्याची सोय. इशारा हवा की तारे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत दिली. ती पुढे वाढवून द्यावी लागली.