हिरड्यांतील रक्त आणि हृदयाचें आरोग्य



सोलापूरहून तुळजापूरकडे जातांना वाटेंत तामलवाडी लागते. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास याच रस्त्यानें असंख्य भाविक भवानीच्या दर्शनाला पायीं जातात. चालतां चालतां एखाद्याच्या छातींत कळ आली, तर सोबतचीं माणसें तत्काळ धांवून येतात. पण सकाळीं चूळ भरतांना थुंकींत रक्त दिसलें, तर तिकडे कोण लक्ष देतो? ‘उष्णता झाली असेल’ असें म्हणून आपण तें विसरून जातों. या दोन गोष्टींचें नातें कितपत आहे, तें आज पाहूं.

दांत व हिरडी यांच्या सांध्यांत जंतूंचा चिकट थर सांचतो. त्यामुळें हिरडी सुजते, पुढें दांतापासून सुटते आणि मध्यें खोल फटी पडतात. बहुधा दुखत नाहीं, म्हणून रोगच नाहीं असें वाटतें. परंतु त्या फटी म्हणजे एक उघडी जखमच असते. चावतांना किंवा दांत घांसतांना तिच्यांतून जंतू रक्तांत शिरतात. लंडनमध्यें १९३५ सालीं ओकेल व इलियट यांनीं दांत उपटल्यानंतर लगेच रुग्णांचें रक्त तपासलें, तेव्हां शेंकडा सुमारें ६० जणांच्या रक्तांत जंतू सांपडले. ज्यांच्या हिरड्या फार बिघडलेल्या, त्यांच्यांत हें प्रमाण अधिक होतें.

निरोगी शरीर असे जंतू थोड्याच वेळांत नष्ट करतें. पण लहानपणीं संधिवाताचा ताप येऊन ज्याच्या हृदयाची झडप बिघडली आहे, किंवा ज्याला कृत्रिम झडप बसविली आहे, त्याच्या झडपेवर ते ठाण मांडूं शकतात. मग कित्येक आठवडे बारीक ताप राहतो, वजन घटतें. पेनिसिलिनपूर्वीं हा रोग बहुधा प्राणच घेई. आजही त्याला आठवडेच्या आठवडे शिरेंतून औषधें द्यावीं लागतात.

रक्तवाहिन्या अरुंद होऊन येणाऱ्या हृदयविकाराची गोष्ट मात्र निराळी आहे. १९८९ सालीं फिनलंडमधील मट्टिला व त्यांच्या सहकाऱ्यांना असे झटके आलेल्यांचीं मुखें इतरांहून अधिक रोगट आढळलीं. तथापि २०१२ सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें पुरावा तपासून सांगितलें कीं, संबंध दिसतो, पण हिरड्यांचा रोग हें त्याचें कारण असें सिद्ध झालेलें नाहीं. तंबाखू आणि मधुमेह हीं दोन्ही ठिकाणीं घात करतात, हेंही विसरतां येत नाहीं.

आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री हिरड्यांना चोळतात. घटकाभर ठणका दबल्यासारखा वाटतो, म्हणून ती औषध मानली जाते. वस्तुतः ती हिरडीला अपाय करते, आणि तिच्यांतील निकोटिन रक्तांत जाऊन हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवितें.

म्हणून रक्त येतें या भीतीनें दांत घांसणें सोडूं नका. मऊ ब्रशानें घांसा आणि दंतवैद्याला दाखवा. झडपेचा विकार असल्यास दांत काढण्यापूर्वीं तें अवश्य सांगा. रक्त पातळ करणारें औषध आपल्या मनानें बंद करूं नका. आणि घरांतील आजीच्या मिश्रीच्या डबीकडे ‘जुनी संवय’ म्हणून कानाडोळा करूं नका. तिच्या हिरड्या एकदां प्रेमानें पाहून तर घ्या.