मुंबई–मंगळुरू : कोणते अंतर खरे?

मुंबई ते मंगळुरू अंतर किती, एवढ्या एका प्रश्नासाठी मी काही वर्षे जुनी-नवी वेळापत्रके चाळतो आहे. एकच उत्तर काही मिळत नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर सुमारे ७०० किलोमीटर. कोकण रेल्वे नव्हती तेव्हा रुळांवरून मात्र २०४१! गाडी पुणे, सोलापूर, गुंतकल करत तमिळनाडूत उतरायची, पालघाटच्या खिंडीतून केरळात शिरायची आणि शोरनूरहून पुन्हा उत्तरेकडे वळून मंगळुरू गाठायची. एकूण ४१ तास. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

२६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला आणि मुंबई–मंगळुरू अंतर ९१४ किलोमीटरवर आले, वेळ १५ तासांवर. या यशाबद्दल लिहिताना बोगदे, पूल आणि ई. श्रीधरन यांचे नेतृत्व यांचा उल्लेख होतो, तो रास्तच आहे. पण हे २६ तास नेमके कशामुळे वाचले, याची फोड क्वचितच केली जाते. जुन्या प्रवासाचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पडतो. त्याच वेगाने ९१४ किलोमीटर कापायला सव्वाअठरा तास लागले असते. म्हणजे पावणेतेवीस तास निव्वळ वळसा टळल्याने वाचले. वाढलेल्या वेगाच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन तास येतात. सह्याद्रीतले ९१ बोगदे मुख्यतः अंतर कापण्याच्या कामी आले, वेग हा वरचा लाभ.

तिसरे अंतर तिकिटाचे. कोकण रेल्वेच्या हद्दीत प्रवासी भाडे आकारताना अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरतात, मालासाठी ५० टक्क्यांनी. शंभर किलोमीटर गेलात की हिशेबात एकशे चाळीस. त्यामुळे मंगळुरू भाड्यापुरते बाराशे किलोमीटरच्या आसपास सरकते. अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो, म्हणून भाडे सरसकट ४० टक्क्यांनी वाढत नाही, हे ध्यानात घ्यावे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने रोखे विकून, कर्ज काढून रूळ टाकले. त्याची परतफेड व्हायची होती. कारण समजते. तरीही चिपळूण-कणकवलीला गणपतीसाठी जाणाऱ्या माणसाने हा भार किती काळ वाहायचा, हा प्रश्न महामंडळाच्या बेलापूरमधल्या मुख्यालयाला विचारायलाच हवा, असे माझ्यासारख्या नवी मुंबईकराला वाटते.

वेळही एक नाही. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच बदलते. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडी-दगडांनी गाड्या घसरल्या, माणसे गेली. तेव्हा पावसाळ्यात गाड्या हळू चालवल्या जातात याबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी ही दोन नावे आठवावीत. मला खटकतो तो दुसरा उशीर, क्रॉसिंगचा. रोहा ते वीर हा जेमतेम ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे मार्ग बहुतांश एकेरीच आहे. समोरून गाडी येणार म्हणून एखाद्या लहान स्थानकावर आपली गाडी उभी राहते, अंतर तसूभरही कमी होत नाही आणि घड्याळ पुढे जात राहते.