पाण्यातील किरणोत्सर्गी द्रव्ये वेगळी काढण्याचे रसायन

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील फुकुशिमा दाइइची अणुविद्युत केंद्राला ११ मार्च २०११ रोजी भूकंपाचा आणि त्यामागोमाग आलेल्या त्सुनामीचा तडाखा बसला. वीजपुरवठा बंद पडून शीतकरण थांबले आणि तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. ते थंड ठेवण्यासाठी पाणी ओतणे भाग होते. प्रारंभी तर समुद्राचेच पाणी ओतावे लागले. वितळलेल्या इंधनाला स्पर्श करून बाहेर येणारे हे पाणी किरणोत्सर्गी द्रव्ये सोबत घेऊन येऊ लागले आणि डोंगराच्या बाजूने झिरपणारे भूजलही त्यात मिसळत राहिले. पुढील काही वर्षांत केंद्राच्या आवारात एक हजाराहून अधिक टाक्या उभ्या राहिल्या व त्यांतील साठा १३ लाख घनमीटरच्या घरात पोहोचला.

अशा पाण्याचे काय करावयाचे, हा प्रश्न अभियंत्यांइतकाच रसायनशास्त्रज्ञांचाही आहे. तो समजून घेताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवावी लागते. पाणी उकळले किंवा त्यात विरंजक चूर्ण टाकले, तर रोगजंतू मरतात. किरणोत्सर्गी अणूवर मात्र उष्णतेचा, आम्लाचा वा क्लोरीनचा कोणताही परिणाम होत नाही. कारण किरणोत्सर्ग अणूच्या केंद्रकातून होतो आणि रासायनिक क्रिया केंद्रकापर्यंत पोहोचतच नाहीत. सीझियम-१३७ हे द्रव्य निम्मे होण्यास ३० वर्षे लागतात, स्ट्रॉन्शियम-९० निम्मे होण्यास सुमारे २९. हा काळ कमी करण्याचे साधन रसायनशास्त्राजवळ नाही. त्याला एवढेच करता येते, की पुष्कळ पाण्यात विखुरलेले द्रव्य ओढून घेऊन ते थोड्याशा घन पदार्थात बंदिस्त करावयाचे. सारे संशोधन या एका कामासाठी चालले आहे आणि ते वाटते तितके सोपे नाही.

अडचण प्रमाणाची आहे. एका सेकंदात एका अणूचा ऱ्हास झाला, तर त्यास एक बेकेरेल म्हणतात. पिण्याच्या पाण्यात सीझियम-१३७ साठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रति लिटर १० बेकेरेल ही मार्गदर्शक पातळी सुचविली आहे. आता हिशोब करून पाहावा. अवघा १ ग्रॅम सीझियम-१३७ सुमारे ३२० अब्ज लिटर पाण्यात, म्हणजे ११ टीएमसीहून थोड्या अधिक पाण्यात सारखा मिसळला, तरी ते सर्व पाणी या पातळीला पोहोचेल. पुण्याला पाणी पुरविणाऱ्या पानशेत धरणाचा उपयुक्त साठा साडेदहा टीएमसीच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. उलट बाजूने पाहिले, तर समुद्राच्या एक लिटर पाण्यात सोडियम सुमारे पावणेअकरा ग्रॅम असते. त्यात १० बेकेरेल सीझियम असले, तर सीझियमच्या प्रत्येक अणूमागे सोडियमचे सुमारे वीस लाख कोटी अणू उभे असतात. यात्रेच्या गर्दीत हरवलेला माणूस शोधण्याची उपमासुद्धा येथे तोकडी पडावी. शिवाय रासायनिक गुणधर्मांच्या दृष्टीने सोडियम आणि सीझियम हे एकाच घराण्यातले.

साखर कारखाना आणि काळा पाषाण

या कामी वापरली जाणारी मूळ युक्ती आपल्या ग्रामीण भागालाही अपरिचित नाही. साखर कारखान्यातील बॉयलरला जाणारे पाणी आधी मृदू करून घ्यावे लागते, नाहीतर नळ्यांत क्षार साचतात. त्यासाठी रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या टाकीतून पाणी सोडतात. मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतात आणि बदल्यात आपल्याजवळचे सोडियम पाण्याला देतात. यालाच आयन-विनिमय म्हणतात. मण्यांची शक्ती संपली, की मिठाच्या पाण्याने धुऊन ते पुन्हा कामाला लावता येतात.

निसर्गात हेच काम करणारी झिओलाइट नावाची खनिजे आहेत. स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रॉन्स्टेट यांनी १७५६ मध्ये, तापविल्यावर उकळल्यासारखा दिसणारा दगड म्हणून त्यांना हे नाव दिले. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत, विशेषतः पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींत, झिओलाइटचे जे सुंदर स्फटिक सापडतात, त्यांना जगभरच्या संग्रहालयांत स्थान मिळाले आहे. या खनिजांच्या अंतरंगात अतिशय सूक्ष्म, ठरावीक मापाचे मार्ग असतात व त्यांत सैलपणे बसलेले सोडियम-पोटॅशियमचे आयन इतरांशी अदलाबदल करू शकतात. इंग्लंडमधील सेलाफील्ड येथे १९८५ पासून क्लिनॉप्टिलोलाइट या नैसर्गिक झिओलाइटच्या साहाय्याने साठवण तलावांतील पाण्यातून सीझियम व स्ट्रॉन्शियम काढण्यात येऊ लागले. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी झालेल्या अपघातानंतर इमारतीच्या तळघरात साचलेले पाणीही झिओलाइटमधून गाळले गेले होते, आणि फुकुशिमातही सुरुवातीची मदार झिओलाइटवरच होती. पण खारट पाण्यात त्याची शक्ती घटते. सोडियमच्या गर्दीने जागा अडतात आणि सीझियम बाजूला राहते. आम्लयुक्त पाण्यात तर त्याची संरचनाच ढासळू लागते.

गंधकाची निवड

येथे मर्कुरी कनात्झिडिस या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा उल्लेख करावयास हवा. ग्रीसमधील थेसालोनिकी येथे १९५७ साली जन्मलेले कनात्झिडिस अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक आहेत. मानोस आदी सहकाऱ्यांसह त्यांनी पोटॅशियम, मँगॅनीज, कथील आणि गंधक यांपासून ‘केएमएस-१’ नावाचा पदार्थ सिद्ध केला. स्ट्रॉन्शियम काढून घेण्याच्या त्याच्या शक्तीविषयीचा निबंध २००८ मध्ये आणि सीझियमविषयीचा त्यानंतर प्रसिद्ध झाला.

रचना सांगावयाची तर, वहीच्या पानांसारखे थर एकावर एक रचलेले; थर मँगॅनीज, कथील व गंधकाचे आणि दोन थरांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन. हे पोटॅशियम जागचे हलू शकते आणि त्याच्या जागी पाण्यातील दुसरा आयन येऊन बसतो. कोणता आयन आत येईल, हे ठरविण्यात गंधकाचा मोठा वाटा आहे. झिओलाइटच्या संरचनेत आयनांना धरून ठेवण्याचे काम प्राणवायूचे अणू करतात. प्राणवायूला सोडियमसारखे लहान, घट्ट आयन मानवतात. गंधकाचा अणू मोठा व त्याचे इलेक्ट्रॉन सैल, म्हणून त्याची जवळीक सीझियमसारख्या मोठ्या आयनाशी अधिक. सोडियमभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन पक्के असते, ते टाकून आत शिरण्यास त्याला सायास पडतात; सीझियमचे वेष्टन सैल असल्याने ते सहज उतरते. त्यामुळे भरपूर मीठ असलेल्या द्रावणातूनही केएमएस-१ सीझियम वेचून घेतो, तेही काही मिनिटांत. तीव्र अल्कधर्मी द्रावणातून स्ट्रॉन्शियम काढण्याचे कामही तो करतो. अणुकेंद्रांच्या जुन्या टाक्यांतील टाकाऊ द्रव्य बहुधा अशाच अल्कधर्मी स्वरूपाचे असते, म्हणून या गुणाला महत्त्व.

एक साम्य येथे लक्षात घेण्यासारखे आहे. सीझियम शरीरात पोटॅशियमच्या वाटेने जाऊन स्नायूंत पसरते, तर स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या रूपाने हाडांत ठाण मांडते. ज्या साधर्म्यामुळे ही द्रव्ये देहाला फसवितात, त्याच साधर्म्याचा उपयोग करून रसायनशास्त्रज्ञ त्यांना पोटॅशियमच्या रिकाम्या जागेत अडकवितो. तथापि केएमएस-१ हा प्रयोगशाळेतला पदार्थ आहे. प्रत्यक्ष प्रकल्पांतील दीर्घ अनुभव झिओलाइट, टायटॅनियमयुक्त विनिमयक आणि फेरोसायनाइड यांच्याच गाठीशी आहे.

काढलेले द्रव्य जाते कोठे?

पाणी स्वच्छ झाले म्हणून काम संपत नाही. टाकीतील मणी वा स्फटिक आता स्वतःच तीव्र किरणोत्सर्गी झालेले असतात. साखर कारखान्यातल्याप्रमाणे ते धुऊन घ्यावेत, तर द्रव्य पुन्हा पाण्यात येते. म्हणून पुष्कळदा ते तसेच पोलादी पात्रांत बंद करून जाड आवरणाआड ठेवतात, किंवा द्रव्य काचेच्या रसात मिसळून घट्ट करतात. इंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून निघणारे टाकाऊ द्रव्य काचेत बंदिस्त करण्याचे तंत्र आपल्याकडे तारापूर व ट्रॉम्बे येथे वापरात आले आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तर अशा टाकाऊ द्रव्यातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या तयार केल्या आणि त्या रक्तपेढ्यांतील रक्त किरणांनी संस्कारित करण्याच्या यंत्रांत बसविल्या. टाकाऊतून असे टिकाऊ निघाल्याचे उदाहरण या क्षेत्रात विरळाच.

एका द्रव्यापुढे मात्र ही सारी विद्या थांबते. ते म्हणजे ट्रिटियम, हायड्रोजनचाच एक किरणोत्सर्गी भाऊ. तो पाण्यात विरघळलेला नसतो, पाण्याच्या रेणूचाच घटक झालेला असतो. तेव्हा पाण्यातून पाणी गाळावयाचे कसे? फुकुशिमातील शुद्धीकरण यंत्रणा ६२ किरणोत्सर्गी द्रव्ये कमी करण्यासाठी उभारली आहे, परंतु ट्रिटियम तिच्यातून तसेच पार होते. जपानने २४ ऑगस्ट २०२३ पासून हे पाणी टप्प्याटप्प्याने समुद्रात सोडण्यास सुरुवात केली. सोडताना ट्रिटियम प्रति लिटर १,५०० बेकेरेलपेक्षा कमी राहील इतके ते विरळ केले जाते. शेजारी देशांनी व तेथील मच्छीमारांनी त्यावर आक्षेप घेतले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ही योजना सुरक्षाविषयक मानकांशी सुसंगत असल्याचे सांगितले. ट्रिटियमचा किरण दुर्बळ असतो आणि ते निम्मे होण्यास सुमारे १२ वर्षे लागतात, एवढे येथे नमूद करणे पुरे.

विहिरीतील युरेनियम

अणुकेंद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या विहिरीतही किरणोत्सर्गी मूलद्रव्य असू शकते. पंजाब, हरियाणा व राजस्थानच्या काही भागांतील भूजलात युरेनियम आढळले असून ते मुख्यतः खडक-मातीतून येते. त्याचा अपाय किरणांपेक्षा रासायनिक विषारीपणामुळे अधिक होतो व तो मूत्रपिंडांना भोगावा लागतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रति लिटर ०.०३ मिलिग्रॅम आहे. भूजलात युरेनियम बहुधा कार्बोनेटशी बद्ध होऊन ऋण विद्युत्‌भार धारण करते. त्यामुळे सीझियम पकडणारा झिओलाइट येथे उपयोगाचा नाही, ऋण आयनांचा विनिमय करणारे रेझिन लागते. पाणी उकळल्यास ते आटून युरेनियमचे प्रमाण उलट वाढते. आरओ यंत्राने ते बऱ्याच अंशी निघते, पण ते यंत्राच्या टाकाऊ पाण्यात जाऊन साचते, आणि ते पाणी जवळच्याच शोषखड्ड्यात सोडले तर पुन्हा त्याच भूजलाकडे वळते. गावात असे सामुदायिक यंत्र बसविताना टाकाऊ पाण्याची वाट आराखड्यात दाखविली आहे काय, हे ग्रामपंचायतीने पाहावे. युरेनियमला रंग, वास वा चव नसते आणि गावपातळीवरील तपासणी संचात त्याची चाचणीही नसते. त्यासाठी नमुना सुसज्ज प्रयोगशाळेकडेच पाठवावा लागतो.