मूठभर तांदळाचे अर्थकारण

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन घरांत स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतले, की ते चुलीवर चढण्याआधी त्यातील एक मूठ वेगळ्या डब्यात टाकली जाते. चर्चच्या महिला कार्यकर्त्या घरोघर फिरून हे तांदूळ गोळा करतात. पुढे ते विकले जातात आणि आलेली रक्कम चर्चच्या निधीत जमा होते. मिझो भाषेत या प्रथेला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. अर्थ सरळ आहे : मूठभर तांदूळ. १९१० मध्ये सुरू झालेली ही प्रथा आज शतकाहून अधिक काळ टिकून आहे.

देणगीच्या अर्थकारणाविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर या डब्याकडे बारकाईने पाहावयास हवे. तत्कालीन लुशाई टेकड्यांत झूम शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांकडे रोख पैसा जवळपास नव्हता. पारंपरिक रीतीनुसार स्त्रीच्या नावावर मालमत्ताही नसे. तिच्या हाती होते ते फक्त घरातील रांधणे. म्हणजे जिच्याकडे देण्यासारखे काही नाही असे समाज मानत होता, तिलाच या प्रथेने दाती बनवले. प्रथा सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले, तोच १९११-१२ चा ‘मौताम’ आला. बांबूला फुलोरा आला, उंदरांची संख्या बेसुमार वाढली, पिके फस्त झाली आणि डोंगरात दुष्काळ पडला. तरीही मूठ बाजूला काढण्याची रीत मोडली नाही.

या सातत्याचे मोल पुढे कळले. १९५९ च्या मौतामनंतर असंतोष धुमसत गेला आणि १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला. त्यानंतरच्या काळात परदेशी मिशनऱ्यांना मिझो टेकड्या सोडाव्या लागल्या. बाहेरच्या पैशावर उभी असलेली संस्था अशा वेळी कोलमडली असती. येथील चर्चची मुळे मात्र स्थानिक स्वयंपाकघरांत रुजलेली होती. ऐझॉलजवळच्या डुर्टलांग येथील रुग्णालय, शाळा आणि इतर राज्यांत पाठवले जाणारे मिझो धर्मप्रसारक यांचा भार हे चर्च आज वाहते. मूठभर तांदळाच्या जोडीला उत्पन्नाचा दशमांश अर्पण करण्याची प्रथाही आहे. पगारदार माणूस ती रोखीने पाळतो.

धोरणकर्त्यांनी येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी. देणगी वाढवायची तर करसवलत द्यावी, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. मिझोरामला हे गृहीतक लागू पडत नाही. तेथील अनुसूचित जमातींच्या रहिवाशांना राज्यात मिळवलेल्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही. मग वजावटीचे आमिष कसले? शिवाय निव्वळ धार्मिक कार्यासाठी दिलेल्या देणगीवर, काही प्रसिद्ध प्रार्थनास्थळांच्या जीर्णोद्धारासारखे अपवाद सोडले, तर इतरत्रही वजावट मिळत नाही. या औदार्याची प्रेरणा कायद्यात शोधून सापडणार नाही. ‘त्लॉमङाइहना’ या निःस्वार्थ सेवेच्या जुन्या मिझो मूल्यात, शेजारधर्मात आणि दिलेला पैसा आपल्याच गावात कामी येताना दिसतो या अनुभवात ती आहे.

२०२० मध्ये परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यावर बंदी आली. तेव्हापासून ‘स्थानिक देणगीदार शोधा’ हा सल्ला स्वयंसेवी संस्थांना वारंवार ऐकवला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण स्थानिक देणगीचा पाया घालायला मिझोरामला काही पिढ्या लागल्या. अधिसूचना काढून हे घडत नाही.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख आणि त्यांत ८७ टक्के ख्रिस्ती. इतक्या लहान आणि एकजिनसी समाजात कोणी किती दिले, हे लपून राहत नाही. अशा वेळी ऐच्छिक दान आणि सामाजिक दबाव यांच्यातील रेषा पुसट होते. पगारदाराचा दहावा हिस्सा त्याच्या बचतीतून जातो. रोजंदारीवरील माणसाचा थेट ताटातून. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर भरण्याची सक्ती करता येणार नाही, असे राज्यघटनेचे २७ वे कलम सांगते. ते शासनापुरते आहे, शेजाऱ्यांच्या नजरेवर त्याची हुकमत चालत नाही. म्हणून सर्वांत गरीब कुटुंबाला संकोचाविना ‘यंदा जमणार नाही’ असे म्हणता येते का, ही औदार्याची खरी कसोटी मानली पाहिजे.

दुसरा प्रश्न सत्तेचा. स्वतःच्या लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला मिंधेपणा नसतो. त्यामुळेच चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेला नागरिकांचा मंच निवडणुकीत उमेदवारांच्या खर्चाला लगाम घालू शकतो. दारूबंदीच्या धोरणावरही चर्चच्या मताचा प्रभाव असतो. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. पण जितका प्रभाव मोठा, तितके हिशेब आणि निर्णयप्रक्रियाही खुली असायला हवी. मुठी बाजूला काढणाऱ्या स्त्रियांना त्या निधीच्या विनियोगात किती आवाज आहे, हे विचारणे त्यामुळे अप्रस्तुत ठरत नाही.

आणखी एक सावधगिरी शासनासाठी. समाज रुग्णालय चालवतो म्हणून सरकारने आरोग्यसेवेतून अंग काढून घ्यावे, असा अर्थ या प्रथेतून निघत नाही. मिझोराम आजही स्वतःला पुरेल इतका तांदूळ पिकवत नाही. तो बाहेरून, बराचसा सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून येतो. म्हणजे अनेक घरांत त्या डब्यात पडणाऱ्या मुठीमागे स्वस्त धान्याचे दुकानही उभे आहे. ताटात पुरेसे असेल तरच त्यातली मूठ आनंदाने काढता येते. ती काढावी की नाही हे कुटुंबाने ठरवावे. ताट रिकामे राहणार नाही एवढे पाहणे हे शासनाचे काम आहे.