स्टिरिओस्कोप की स्टिरिऑप्टिकॉन?

बोईसरच्या एका परिचितांच्या माळ्यावर एक जुने उपकरण आहे. खाली लाकडी मूठ, डोळ्यांवर सावली धरणारी पत्र्याची झापड, दोन भिंगे आणि पुढेमागे सरकणारी आडवी पट्टी. ‘आजोबा तारापुरात याच्यावर साऱ्या आळीला चित्रे दाखवत,’ असे घरात सांगतात. त्या ‘साऱ्या आळी’वर विसंबून मी त्याची नोंद ‘स्टिरिऑप्टिकॉन’ अशी केली होती. ती चूक येथे दुरुस्त करतो.

ते उपकरण स्टिरिओस्कोप आहे. त्याचे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडले. आपल्या डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला दृश्य किंचित निराळे दिसते. तशीच निराळी दोन छायाचित्रे एका कार्डावर शेजारी लावून एकेका डोळ्याने एकेक पाहिली, की चित्राला खोली येते. व्हीटस्टन यांनी आरसे वापरले, डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगे. मुठीचा सुटसुटीत नमुना ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा. पाहणारा मात्र एका वेळी एकच.

स्टिरिऑप्टिकॉन हे अमेरिकेत मॅजिक लँटर्नला पडलेले नाव. पेटीत प्रखर दिवा, त्यापुढे काचेवरचे चित्र, मग भिंग. प्रतिमा पडद्यावर, तीही सपाट. पुढे अशा यंत्रांत एकावर एक दोन भिंगे आली, पण ती एक चित्र विरवून दुसरे उमटवण्यासाठी. नावातला ‘स्टिरिओ’ आणि ही दोन भिंगे यांमुळेच घोटाळा होतो.

तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच, कल्याणला, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, पडद्यावर कथा, समोर प्रेक्षक. ती या दुसऱ्या कुळातली.

तेव्हा ओळखीची खूण भिंगांची संख्या नव्हे, दिव्याची जागा. बोईसरच्या उपकरणात ती नाही. मग आळीने चित्रे पाहिली कशी? घरातल्या वृद्ध आत्याबाईंना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “पडदा कुठला रे! ओटीवर रांगेत बसायचो. बाबा एकेकाच्या हाती द्यायचे. माझी पाळी येईस्तोवर दिवेलागण व्हायची.”

आठवण खरीच होती. चुकीच्या नावाने मी तिच्यातली रांग पुसून तिथे पडदा टांगला होता.