नातवंडांचे खरे वय, आपली जबाबदारी



गेल्या वर्षी माझी अकरा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, इथे तुमचं जन्मवर्ष टाकू?" मी चष्मा शोधत 'टाक' म्हणालो. त्या अ‍ॅपच्या लेखी ती साठी ओलांडलेली बाई झाली! लेकीने मला चांगलेच सुनावले, आणि ते योग्यच होते.

बहुतेक सोशल मीडियाची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे, व्हॉट्सअ‍ॅपचीही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून अनेक मोठ्या अ‍ॅपसाठी ती कायद्याने १६ केली. तिथे दंड कंपन्यांना होतो, मुलांना किंवा पालकांना नाही. इथे ब्रिटनमध्ये २०२३च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यानुसार २५ जुलै २०२५ पासून कंपन्यांना मुलांना घातक मजकुरापासून जपावे लागते. पण वय खोटे टाकले, की मुलांसाठीचे हे संरक्षणच निघून जाते. माझ्या 'टाक'ने तेच झाले.

आता मर्यादा पाळायची तर घरात कुरबुर होणारच. काही गोष्टी उपयोगी पडतात:

• फोन हिसकावू नका. आई-वडिलांशी आधी बोला. घरात नियम एकच हवा. आजी-आजोबांकडे चोरवाट नको.
• खाते बंद करण्यापूर्वी फोटो आणि मैत्रिणींचे नंबर उतरवून घ्या. मुलांना खरी भीती एकटे पडण्याची असते.
• भारतातल्या आजीशी बोलणे थांबवू नका. आईच्या फोनवरून, सर्वांसमवेत बोला.
• झोपताना फोन खोलीबाहेर ठेवा. आपलाही!
• काही दिवस चिडचिड होईल. पण दोन आठवड्यांनंतरही झोप-जेवण बिघडलेले असेल किंवा मूल गप्प राहत असेल, तर जीपींना भेटा. मुलांना स्वतः बोलायचे असेल तर चाइल्डलाइन ०८०० ११११ मोफत आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक पायंडा पाडला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात, गप्पा मारतात. नियम मोठ्यांनाही लागू, हे त्यातले मर्म.

बेसिंगस्टोकमध्ये भोंगा नाही, पण आपण आहोत. रिकामी झालेली ती वेळ कोणीतरी भरायला हवी. पत्ते, कॅरम, पेटी, पुरणपोळी, जे येत असेल ते मुलांना शिकवायला आठवड्यातून एक तास देऊ शकणाऱ्या ज्येष्ठांनी कृपया आरतीनंतर मला भेटावे.

नातीचे ते खाते आम्ही दोघांनी मिळून बंद केले. सध्या ती मला रमीत हरवते.